नेपल्स ते एटना: दक्षिण इटलीतील अवशेष, ज्वालामुखी आणि पायवाटा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण इटलीला जाऊन आल्यावर ओळखीच्या आणि पुढे अनोळखी वाचकांकडूनही जे प्रश्न येत राहिले, त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवात प्राथमिक शंकांपासून केली असून अपवादात्मक परिस्थितीचे प्रश्न शेवटी ठेवले आहेत. एखादी बाब दुसऱ्या उत्तरात आली असल्यास तिची पुनरावृत्ती न करता तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्याकडे दहा दिवस आहेत. दक्षिण इटलीबरोबर रोम आणि व्हेनिसही त्यात बसवता येईल का?

बसवता येईल, परंतु मग दक्षिण पाहून होणार नाही. येथील ठिकाणे दोन भागांत विभागलेली आहेत. पहिला भाग नेपल्सच्या भोवतालचा म्हणजे कांपानिया प्रांताचा असून त्यात व्हेसुव्हियस हा ज्वालामुखी, इसवी सन ७९ मधील त्याच्या उद्रेकात गाडली गेलेली पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम ही रोमन शहरे, पेस्तुमची ग्रीक मंदिरे आणि अमाल्फीचा किनारा येतो. दुसरा भाग सिसिली बेटाचा. त्यात एटना ज्वालामुखी, ताओर्मिना, सिराकुझा आणि अग्रिजेंतो ही मुख्य ठिकाणे आहेत. नेपल्समध्ये पाच रात्री आणि सिसिलीतील कातानियामध्ये चार रात्री असा मुक्काम ठेवला, तर रोज सामान न हलवता बहुतेक सर्व पाहता येते. रोज नवे हॉटेल घेण्याची सहल-कंपन्यांची पद्धत या प्रदेशाला मुळीच मानवत नाही, कारण येथे पाहण्यासारखे जे आहे ते चालत पाहावे लागते आणि वारा, समुद्र किंवा ज्वालामुखी यांपैकी कोणीतरी एक दिवस हमखास हिरावून घेते.

२. कोणत्या महिन्यात जावे? मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जावे की दिवाळीच्या?

दोन्ही काळ चांगले आहेत आणि महाराष्ट्रातील कुटुंबांच्या दृष्टीने हा मोठाच योग म्हणावा लागेल. एप्रिल-मे महिन्यांत एटनाच्या खालच्या उतारांवर पिवळी फुले असतात, हवा सुखद असते आणि दिवस मोठा असतो. ऑक्टोबरमध्ये समुद्र अजून कोमट असतो व गर्दी ओसरलेली असते. मात्र दिवाळी नोव्हेंबरमध्ये येत असेल तर दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात: पावसाचे दिवस वाढलेले असतात, आणि पॉम्पेई संध्याकाळी पाच वाजताच बंद होत असल्याने शेवटचा प्रवेश दुपारी साडेतीनला मिळतो. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात ते सात वाजेपर्यंत उघडे असते. जुलै आणि ऑगस्ट मात्र टाळावेत. पॉम्पेईत सावली जवळजवळ नाही, आणि १५ ऑगस्टच्या सणाच्या सुमारास सारी इटली समुद्रकिनाऱ्यावर आलेली असते.

३. व्हिसासाठी काय करावे लागते? इटलीबरोबर ग्रीसचे सांतोरिनीही करायचे असल्यास अर्ज कोणाकडे द्यावा?

भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील अनेक देशांचा सामाईक व्हिसा लागतो. त्यावर कोणत्याही १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो व किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात दोन-अडीच महिने हाताशी ठेवणे शहाणपणाचे आहे. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो असून किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा आवश्यक आहे. ज्या देशात अधिक दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करावा, आणि दिवस सारखेच असतील तर ज्या देशात प्रथम उतरणार त्याच्याकडे. गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नियमानुसार वापरले असतील, तर २०२४ च्या नियमांनुसार भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकांना दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. जुना व्हिसा असलेल्यांनी अर्जात त्याचा उल्लेख अवश्य करावा.

४. पॉम्पेई पाहायला किती वेळ लागतो? दोन तास पुरतात का?

दोन तासांत बाजारचौक, एक-दोन घरे आणि सार्वजनिक स्नानगृह पाहून होते, परंतु ते पॉम्पेई पाहणे नव्हे. हे शहर सुमारे ६६ हेक्टरांवर पसरलेले असून त्यातील जवळजवळ एक तृतीयांश भाग अजून जमिनीखालीच आहे. उत्खनन १७४८ मध्ये सुरू झाले आणि ते आजही चालू आहे. किमान पाच तास ठेवावेत आणि सकाळी नऊच्या ठोक्याला दारात असावे.

नेपल्सच्या गारिबाल्दी स्थानकावरून सोरेंतोकडे जाणारी चिर्कुमवेसुव्हियाना ही लोकल पकडून ‘पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी’ या स्थानकावर उतरावे. सुमारे ४० मिनिटे लागतात. केवळ ‘पॉम्पेई’ नावाची इतर स्थानकेही आहेत आणि तेथे उतरणारे दर गाडीला दोन-चार जण सापडतातच. ही लोकल मुंबईच्या प्रवाशाला परकी वाटणार नाही: गर्दी तशीच, उशीर तसाच, आणि खिसेकापूंपासून घ्यायची काळजीही तशीच.

तिकीट नावाने मिळते, त्यामुळे पारपत्र जवळ ठेवावे. नोव्हेंबर २०२४ पासून दररोज जास्तीत जास्त २०,००० लोकांनाच प्रवेश दिला जात असल्यामुळे आगाऊ नोंदणी करणे बरे. ३० × ३० × १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही.

आत शिरल्यावर नकाशा समोर धरून प्रत्येक घर टिपत बसण्यापेक्षा एखादा रस्ता निवडावा आणि तो शेवटपर्यंत चालावा. माझी शिफारस ‘व्हिया देल्लाब्बोंदांत्सा’ या मुख्य रस्त्याची आहे. लाव्हाच्या दगडांनी बांधलेल्या या रस्त्यावर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या दिसतात. पाणी आणि घाण वाहत असताना पाय न भिजवता रस्ता ओलांडण्यासाठी ठेवलेले उंच दगडही दिसतात. कडेला खाद्यपदार्थांची दुकाने आहेत, ज्यांच्या दगडी कट्ट्यांत मडकी बसवलेली आहेत. राजवाड्यांपेक्षा ही दुकाने पाहताना हे शहर माणसांचे होते हे अधिक जाणवते.

५. पॉम्पेईतील ते ‘दगड झालेले’ देह खरे आहेत का? लहान मुलांना दाखवावेत का?

ते देह दगड झालेले नाहीत. ते साचे आहेत. मृतांवर साचलेली राख घट्ट झाली, आतील शरीर कालांतराने कुजून नष्ट झाले आणि राखेत त्यांच्या आकाराची पोकळी उरली. १८६३ मध्ये जुझेप्पे फिओरेल्ली या पुरातत्त्वज्ञाने अशा पोकळ्यांत प्लास्टर ओतून आकार मिळवण्याची पद्धत सुरू केली. त्यामुळे कपड्यांच्या चुण्याही दिसतात, आणि कित्येक साच्यांत आत खरी हाडे आहेत. म्हणूनच त्यांच्यासमोर हसत छायाचित्रे काढणे मला व्यक्तिशः पटत नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलांना आधी नीट समजावून सांगितले तर ती घाबरत नाहीत, उलट मोठ्यांपेक्षा नेमके प्रश्न विचारतात.

६. पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम यांपैकी एकच पाहता येणार असेल तर कोणते निवडावे?

प्रथमच जाणाऱ्याने पॉम्पेई निवडावे. परंतु ज्यांना उन्हाचा त्रास होतो, ज्यांच्याकडे अर्धाच दिवस आहे किंवा ज्यांना घरांच्या अंतर्भागात रस आहे, त्यांनी खुशाल हर्क्युलेनियमला जावे. पॉम्पेईवर प्रथम हलक्या सच्छिद्र दगडांचा पाऊस पडला, त्यामुळे छपरे कोसळली. हर्क्युलेनियमवर मात्र तप्त वायू आणि राखेचे लोट आले आणि ते सुमारे २० मीटर खोल गाडले गेले. त्या उष्णतेने लाकूड जळून राख होण्याऐवजी त्याचा कोळसा झाला आणि तो टिकला. म्हणूनच तेथे वरचे मजले, लाकडी तुळया आणि सरकते लाकडी दार आजही पाहता येते. प्राचीन किनाऱ्यावरील नौकागृहांत सुमारे ३०० लोकांचे सांगाडे सापडले. जहाजाची वाट पाहत ते तेथे थांबले असावेत. लोकलच्या ‘एर्कोलानो स्कावी’ स्थानकापासून उताराने दहा मिनिटे चालले की प्रवेशद्वार येते.

७. पॉम्पेईत भारतीय मूर्ती सापडली होती असे ऐकले. ती कोठे पाहता येईल?

ती पॉम्पेईत नव्हे, तर नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची ही हस्तिदंती स्त्रीमूर्ती १९३८ मध्ये अमेदेओ माइउरी यांच्या उत्खननात प्रश्न ४ मध्ये उल्लेखलेल्या मुख्य रस्त्यालगतच्या एका घरात सापडली. सुरुवातीला तिला लक्ष्मी मानले गेले, आणि ‘पॉम्पेई लक्ष्मी’ हे नाव चिकटले ते चिकटलेच. आता बहुतेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. तिच्या डोक्यात वरून आत गेलेले छिद्र असल्यामुळे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या वस्तूचा पाया असावी असा तर्क आहे.

मराठी वाचकाने ही मूर्ती चुकवू नये, कारण तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सापडल्या आहेत. तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर येथून गाड्यांवर लादलेला माल भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. त्यामुळे सातवाहनांच्या काळात मराठवाड्यातील एखाद्या कारागिराच्या हातची वस्तू समुद्र ओलांडून पॉम्पेईच्या घरात पोहोचली असणे अगदी संभवनीय आहे. इसवी सन ७९ मध्ये ते घर राखेखाली गेल्यामुळे ही मूर्ती त्या वर्षाच्या आधीची आहे एवढे निश्चित सांगता येते. भारतीय कलेच्या अभ्यासात इतकी नेमकी कालमर्यादा क्वचितच मिळते. परत आल्यावर तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालयही पाहावे. तेव्हा ही गोष्ट पूर्ण होते.

एक व्यावहारिक सूचना: ही मूर्ती संग्रहालयाच्या ‘गुप्त दालनात’ ठेवलेली आहे. तेथे रोमन काळातील शृंगारिक चित्रे आणि शिल्पे असतात, हे मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी आधीच जाणून असावे. संग्रहालय मंगळवारी बंद असते.

८. व्हेसुव्हियसवर चढणे कितपत कठीण आहे? तिकीट तेथे गेल्यावर मिळते का?

चढण सोपी आहे. अडचण तिकिटाची असते. बस सुमारे १,००० मीटर उंचीवर सोडते, आणि तेथून राख-खडीच्या रुंद वाटेने विवराच्या काठापर्यंत जायला साधारण अर्धा तास पुरतो. पर्वताची उंची १,२८१ मीटर आहे. तिकीट मात्र ठरलेल्या वेळेसाठी ऑनलाइन आधीच काढावे लागते. प्रवेशद्वाराशी पोहोचून मोबाइलवर काढू असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. तेथे मोबाइलला रेंज मिळेना, आणि शेवटी बरेच खाली उतरून ते काढावे लागले. तिकीट घरूनच काढून मोबाइलमध्ये साठवून ठेवावे. वरून एका बाजूला विवराच्या भिंतीतून निघणारी वाफ आणि दुसऱ्या बाजूला नेपल्सचा आखात दिसतो. सकाळी लवकर जावे, कारण दुपारनंतर शिखरावर ढग बसण्याची शक्यता अधिक असते.

९. व्हेसुव्हियस आज धोकादायक आहे का? ‘सोल्फातारा’ अजून बंद का आहे?

व्हेसुव्हियसचा शेवटचा उद्रेक मार्च १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत झाला. तो निद्रिस्त आहे, मृत नाही. त्यावर १८४१ मध्ये स्थापन झालेल्या व्हेसुव्हियस वेधशाळेचे सतत लक्ष असते. इटलीत ज्वालामुखींची स्थिती हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा चार पातळ्यांत जाहीर केली जाते. जाण्याच्या आदल्या दिवशी ती पाहण्याची सवय ठेवावी.

या परिसरात अधिक चिंता नेपल्सच्या पश्चिमेकडील कांपी फ्लेग्रेई या विस्तीर्ण ज्वालामुखी प्रदेशाची आहे. तेथील जमीन संथपणे वर उचलली जाते आणि खाली बसते. २०१२ पासून तेथे पिवळी पातळी लागू असून २०२५ मध्ये चारपेक्षा अधिक तीव्रतेचे भूकंपाचे धक्केही बसले. सोल्फातारा हे विवर २०१७ मध्ये तेथे एकाच कुटुंबातील तिघांचा मृत्यू झाल्यापासून बंद आहे, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून तेथे जाऊ नये. त्याऐवजी पोत्सुओलीतील प्राचीन रोमन बाजार पाहावा. त्याच्या उभ्या संगमरवरी खांबांवर बऱ्याच उंचीवर सागरी शिंपल्यांनी पाडलेली छिद्रे आहेत, म्हणजे हे खांब एके काळी तितके समुद्रात बुडाले होते आणि पुन्हा वर आले. जमीन श्वास घेते हे वाक्य अलंकारिक वाटत असेल, तर ते खांब पाहून यावे.

१०. एटनावर किती उंचीपर्यंत जाता येते? वाटाड्या घेणे सक्तीचे आहे का?

दक्षिणेकडील रिफुजिओ सापिएन्त्सा हे ठिकाण सुमारे १,९०० मीटरवर आहे. कातानियाहून तेथे सकाळी बस जाते आणि दुपारनंतर तीच परत येते. ही फेरी दिवसातून एकच असल्यामुळे वेळापत्रक आदल्या दिवशी खात्री करून घ्यावे. तेथून रोपवे सुमारे २,५०० मीटरपर्यंत नेतो आणि त्यापुढे मोठ्या चाकांच्या गाड्या किंवा पायवाट असते. एटनाची उंची सुमारे ३,४०० मीटर असून ती उद्रेकांनी बदलत राहते. शिखरावरील विवरांकडे परवानाधारक वाटाड्याशिवाय जाता येत नाही, आणि कोणत्या उंचीपर्यंत जायचे ते त्या त्या वेळच्या आदेशानुसार ठरते. २ जून २०२५ रोजी आग्नेय विवराचा एक भाग कोसळून तप्त राखेचा लोट उसळला आणि उतारावरील पर्यटकांना पळत सुटावे लागले, ही घटना ताजी आहे.

रोपवेचा खर्च करायचा नसेल तर वाईट वाटून घेऊ नये. रिफुजिओच्या बाजूलाच १८९२ च्या उद्रेकातून तयार झालेली सिल्व्हेस्त्री विवरे आहेत, आणि उत्तर-पूर्वेकडे १८६५ च्या उद्रेकाची मोंती सार्तोरिउस ही विवरांची रांग बर्चच्या झाडांतून जाणाऱ्या सोप्या वाटेने पाहता येते. माझ्या मते एटनावरची सर्वांत शांत दोन तासांची वाट हीच आहे.

११. आम्ही दर रविवारी सह्याद्रीत ट्रेक करतो. वाटाड्या, बूट, जाकीट हे सगळे खरोखर लागते का?

दमसास आपल्याकडे आहे. प्रश्न जमिनीचा आणि हवेचा आहे. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे एटनावर बस जेथे सोडते ते ठिकाणही तिच्याहून उंच आहे. वर ऑगस्टमध्येही बोचरा वारा असतो आणि धुके दहा मिनिटांत वाट पुसून टाकते. पायाखाली सह्याद्रीतला घट्ट कातळ नसून सुटी काळी खडी असते, जिच्यावर दोन पावले वर टाकली की एक पाऊल खाली घसरते. त्यामुळे घोट्यापर्यंतचे बूट, वारा अडवणारे जाकीट आणि डोळ्यांत राख जाऊ नये म्हणून साधा चष्मा एवढे लागतेच. वाटाड्याचा नियम चालण्याच्या क्षमतेसाठी नाही. विवरातून कधी काय उडेल याचा रेडिओवरून मिळणारा इशारा त्याच्याजवळ असतो, आपल्याजवळ नसतो.

१२. सह्याद्रीचा काळा दगडही लाव्हाच आहे ना? मग एटना आणि व्हेसुव्हियस यांत वेगळे काय?

दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी शंकूच्या आकाराच्या पर्वतातून नव्हे, तर जमिनीच्या लांबच लांब भेगांतून पातळ लाव्हा पुन्हा पुन्हा पसरून तयार झाला. म्हणूनच आपल्या घाटांच्या कड्यांवर थरांच्या पायऱ्या दिसतात. एटनाचा लाव्हा याच्या जवळचा आहे. तो बहुधा संथ वाहतो आणि गावांना पळायला वेळ देतो, पण घरे वाचू देत नाही. १६६९ मध्ये तो कातानियापर्यंत आला आणि १९२८ मध्ये त्याने मास्काली हे गाव गिळले. कातानियाच्या अनेक इमारती त्याच काळ्या दगडाच्या आहेत, आणि तेथे फिरताना जुन्या पुण्यातील वाड्यांच्या दगडी जोत्यांची आठवण येते. व्हेसुव्हियसचा लाव्हारस मात्र अधिक चिकट आणि वायूने भरलेला असतो, त्यामुळे मोठ्या उद्रेकात तो वाहत नाही, फुटतो.

१३. स्ट्रॉम्बोलीवर लाव्हा उडताना खरोखर दिसतो का?

दिसतो, आणि रात्री दिसतो. हे ९२४ मीटर उंचीचे बेट बऱ्याच शतकांपासून थोड्या थोड्या वेळाने तप्त दगड उडवत आले आहे; अशा उद्रेकांना जगभर ‘स्ट्रॉम्बोलियन’ म्हणतात ते यामुळेच. परंतु ३ जुलै २०१९ च्या स्फोटात एका गिर्यारोहकाचा मृत्यू झाल्यानंतर शिखरापर्यंतची वाट बंद झाली. त्यानंतरच्या नियमांत सुमारे २९० मीटरपर्यंत स्वतःहून आणि ४०० मीटरपर्यंत वाटाड्यासह जाण्याची मुभा देण्यात आली, परंतु ज्वालामुखीच्या स्थितीनुसार हीदेखील बदलते. दुसरा पर्याय म्हणजे संध्याकाळी होडीने ‘शारा देल फुओको’ या उतारासमोर जाऊन थांबणे. बेटावर सिसिलीतील मिलात्सो बंदरातून जलद बोटी जातात. समुद्र खवळला की त्या रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी स्ट्रॉम्बोली कधीही ठेवू नये.

१४. अमाल्फीजवळची ‘देवांची वाट’ कोणत्या दिशेने चालावी?

आजेरोलातील बोमेरानो येथून पोझितानोच्या वरच्या नोचेल्ले गावाकडे. या दिशेने एकूण उतार अधिक आहे आणि समुद्र सतत समोर राहतो. अंतर सहा-सात किलोमीटर असून थांबत थांबत तीन तास लागतात. खुणा लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या आहेत. नोचेल्लेहून पोझितानोपर्यंत दीड हजारांहून अधिक पायऱ्या उतराव्या लागतात; गुडघे दुखत असतील त्यांनी तेथून बस घ्यावी. काही ठिकाणी एका बाजूला सरळ कडा असल्यामुळे उंचीची भीती असणाऱ्यांनी आणि पावसानंतर कोणीही ही वाट टाळावी.

१५. ग्रीक मंदिरे पाहायला ग्रीसला जावे लागत नाही, हे खरे आहे का?

खरे आहे. ग्रीकांनी या प्रदेशात वसाहती केल्या होत्या. पेस्तुम येथे इसवी सनापूर्वी सहाव्या आणि पाचव्या शतकांतील तीन डोरिक मंदिरे माळरानावर उभी आहेत. सालेर्नोहून रेल्वेने जाता येते. तेथील संग्रहालयात १९६८ मध्ये सापडलेल्या थडग्यातील, पाण्यात सूर मारणाऱ्या माणसाचे चित्र आहे. तेवढ्यासाठीही जावे. सिसिलीत अग्रिजेंतोच्या मंदिरांच्या टेकडीवर कोन्कोर्दियाचे मंदिर जवळजवळ अखंड आहे, कारण सहाव्या शतकात त्याचे चर्चमध्ये रूपांतर झाले आणि त्यामुळे त्याचे दगड कोणी काढून नेले नाहीत. वरच्या म्हणजे जुनो मंदिराच्या दारातून प्रवेश करून खाली उतरत जावे, आणि शक्यतो मावळतीची वेळ साधावी.

१६. नेपल्सहून सिसिलीला रेल्वे बोटीवर चढते म्हणतात. विमानापेक्षा ते बरे का?

वेळेच्या हिशेबाने नाही: विमानाला तासभर लागतो, रेल्वेला सात-आठ तास. तरीही एकदा रेल्वेनेच जावे. व्हिला सान जोव्हान्नी येथे गाडीचे डबे वेगळे करून बोटीच्या पोटात ढकलले जातात, प्रवासी डब्यातून उतरून वर डेकवर येतात आणि मेसिनाची सामुद्रधुनी ओलांडली की डबे पुन्हा जोडले जातात. सोबत मुले असतील तर या प्रवासाची त्यांना पॉम्पेईपेक्षा जास्त आठवण राहील.

१७. शाकाहारी माणसाची सोय होते का? कांदा-लसूण न खाणाऱ्यांचे काय?

शाकाहाऱ्यांची उत्तम सोय होते. पिझ्झा मारिनारामध्ये चीज नसते, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल असते. कातानियाचा ‘पास्ता आल्ला नोर्मा’ वांग्याचा असतो. पालेर्मोतील ‘पानेल्ले’ हरभऱ्याच्या पिठाचे असते. पीठ शिजवून, थापून, कापून तळायचे, म्हणजे आपल्या पाटवडीचेच भावंड. फसवे पदार्थही आहेत: पुत्तानेस्का पास्त्यात आणि स्फिंचोने या जाड पावात अँचोव्ही मासे असतात, तर आरांचिनी या भाताच्या तळलेल्या गोळ्यांत बहुधा खिमा असतो. म्हणून ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नको, एवढे पाठ करावे. परमेसान चीजमध्ये दूध साकळण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट हा पदार्थ वापरतात, हे कडक शाकाहाऱ्यांनी लक्षात घ्यावे. नेपल्सच्या पारंपरिक मार्गेरिता पिझ्झ्यात कांदा-लसूण नसतो, त्यामुळे जैन मंडळींना तो सोयीचा पडतो, मात्र चीजबद्दल विचारून घ्यावे. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक-दोन युरो लावलेले दिसतात. ती फसवणूक नसून तेथील रीत आहे.

१८. सत्तरीतील आई-वडिलांना नेता येईल का?

येईल, परंतु दिवसाचे दोन भाग पाडावेत आणि दुपार हॉटेलात काढावी. पॉम्पेईत अँफिथिएटरच्या दारापासून सुरू होणारा, चढ-उतार कमी केलेला सुमारे साडेतीन किलोमीटरचा विशेष मार्ग आहे; इतरत्र रोमन दगडी रस्ते पाय मुरगळण्याजोगे आहेत. व्हेसुव्हियसऐवजी रोपवेने एटना सोयीचा पडतो. मात्र २,५०० मीटरवर हवा विरळ असल्याने हृदय किंवा श्वसनाचा आजार असल्यास डॉक्टरांना आधी विचारावे. देवांच्या वाटेऐवजी अमाल्फी ते पोझितानो हा प्रवास बोटीने करावा.

१९. गाडी भाड्याने घ्यावी का?

नेपल्समध्ये अजिबात नाही. सिसिलीत घ्यायला हरकत नाही. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना आवश्यक आहे. जुन्या शहरांच्या गाभ्यात बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले विभाग असतात. तेथे कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो आणि दंडाची नोटीस आपण घरी पोहोचल्यावर कित्येक आठवड्यांनी येते.

२०. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो. त्या दिवशी जावे का?

सरकारी संग्रहालये आणि पॉम्पेईसारखी स्थळे त्या दिवशी मोफत असतात, आणि म्हणूनच जाऊ नये. वाचलेले पैसे रांगेत उभे राहून फेडावे लागतात.

२१. पॉम्पेईचा उद्रेक २४ ऑगस्टला झाला असे शाळेत वाचले. आता ऑक्टोबर का म्हणतात?

२४ ऑगस्ट ही तारीख रोमन लेखक धाकट्या प्लिनीने इतिहासकार टॅसिटस याला लिहिलेल्या पत्राच्या हस्तलिखित प्रतींवरून आली. त्याच उद्रेकात त्याचे मामा थोरले प्लिनी मरण पावले. परंतु मूळ पत्र उरलेले नाही, आणि नकला करताना महिन्याचे नाव चुकणे सहज शक्य होते. उत्खननात शरद ऋतूतील फळे आणि शेकोट्या आढळत असल्यामुळे शंका जुनीच होती. २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली, १७ ऑक्टोबरशी जुळणारी तारीख सापडली. कोळशाची अक्षरे फार काळ टिकत नाहीत, म्हणून ती उद्रेकाच्या थोडीच आधीची असावीत असा युक्तिवाद केला जातो. त्या लेखात वर्ष नाही, त्यामुळे वाद पूर्णपणे मिटलेला नाही. तरी बहुतेकांचा कल आता शरद ऋतूकडे आहे.

२२. एटनाच्या राखेमुळे कातानियाचे विमान रद्द झाले तर पैसे परत मिळतात का?

राखेमुळे कातानिया विमानतळ अधूनमधून बंद होतो, म्हणून ही शंका काल्पनिक नाही. युरोपीय संघातील विमानतळावरून निघणाऱ्या विमानाला तेथील प्रवासी-हक्कांचे नियम लागू होतात. त्यांनुसार तिकिटाचे पैसे किंवा पर्यायी प्रवास, आणि थांबावे लागल्यास जेवण व निवास मिळायला हवे. ज्वालामुखी ही असाधारण परिस्थिती असल्यामुळे त्यावर वेगळी नुकसानभरपाई मात्र मिळत नाही. मुंबईचे विमान वेगळ्या तिकिटावर रोमहून असेल तर ते चुकल्याची जबाबदारी पहिल्या कंपनीवर येत नाही, म्हणून शेवटची रात्र रोममध्येच काढावी. विमा घेताना उंचीवरील पदभ्रमण वगळलेले नाही ना, हेही वाचावे. अनेक स्वस्त योजनांत ते बारीक अक्षरांत वगळलेले असते.

२३. आठवण म्हणून लाव्हाचा एखादा खडा आणला तर चालेल का?

पॉम्पेईतून खडा किंवा कपची उचलणे बेकायदा आहे, आणि संरक्षित उद्यानांतून लाव्हाचे दगड आणण्यासही मनाई आहे. पॉम्पेईच्या कार्यालयात अशा नेलेल्या वस्तू परत करणारी पाकिटे जगभरातून येत असतात. त्यांतील कित्येकांसोबत, वस्तू नेल्यापासून घरात एकामागून एक संकटे आल्याचे सांगणारे माफीचे पत्रही असते. ज्यांना खडा हवाच असेल, त्यांनी कातानियाच्या दुकानांतून लाव्हाच्या दगडाची कोरलेली वस्तू विकत घ्यावी आणि पावती जपून ठेवावी.